आपल्या कापसाला आपलाच रंग

जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, जे उकळतंय ना, ती पळसाची फुलं आहेत. होळीच्या सुमारास वेचून सावलीत वाळवलेली अन् काल रात्री भिजत घातलेली. वर्धा जिल्ह्यातल्या या गावात बचत गटाच्या बाया सुती कापड रंगवतात, अन् दुकानातल्या डब्यातला रंग वापरतच नाहीत.

पण आधी कापड. कोऱ्या कापडाला खळ असते, ती निघाली नाही तर रंग डागाडागानं बसतो, म्हणून रिठा अन् धुण्याचा सोडा घालून चांगलं उकळायचं, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळत टाकायचं. कापड फिक्कट पिवळं होतं. पळसाचा रंग पाहिजे तर पुढे तुरटीचं पाणी, अन् मग हा गंज.

आता या मडक्याकडे बघा. गंजलेले खिळे, बैलाच्या झिजलेल्या नाला, गूळ अन् पाणी, दोन-तीन आठवडे आंबवलेलं. गटातल्या मावशी हिरड्याचं कापड घेतात, कोपरा बुडवतात... अन् काळा! तिथल्या तिथं! हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, अन् लोखंड भेटलं की काळा रंग धाग्यातच तयार होतो. "डब्यातल्या रंगानं हात चुनचुनायचे, याच्यानं काईच होत नाई," मावशी सांगतात.

अन् हे इथंच व्हायला पाहिजे, कारण कापूस इथला आहे. क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३४ किलो रुई, म्हणजे बी काढलेला कापूस, निघते, बाकी बहुतेक सरकी, म्हणजे बी. रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधून ट्रक निघून जातात, सूत, कापड, रंग सगळं दुसरीकडे, मग तोच कापूस शर्ट होऊन आपल्या बाजारात येतो अन् पिकवणाऱ्याला मिळाला तो फक्त कापसाचा भाव. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले, रंगाचं पाणी नदीनाल्यात जातं, तेही याच शर्टाच्या हिशोबात धरा.

वर्ध्याला हे नवीन नाही. गांधीजींनी १९३८ मध्ये इथं मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं ते ग्रामोद्योगासाठीच.

घरी करायचं असेल तर कापड सुतीच घ्या, पॉलिस्टर हा रंग धरत नाही. पळसाचा पिवळा उन्हानं उतरतो, ते कपडे सावलीतच वाळवा. शिकायला काळा बरा, हिरडा वर्षभर मिळतो, फक्त लोखंडाच्या पाण्यात कापड फार वेळ ठेवू नका, सूत कमजोर होतं.