पडायचं कशासाठी?

मंडळी, सुरुवात पाण्याच्या बाटलीपासून करतो. जानेवारी २०२३. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम या पार्कमधली 'स्प्लॅश माउंटन' ही राइड बंद होणार होती, २२ तारीख शेवटची. त्या दिवसांत ईबेवर बाटल्या, बरण्या विकायला आल्या. आत काय, तर त्या राइडचं पाणी. वर्षानुवर्षं त्याच पंपांतून फिरलेलं, साधं पाणी! आपल्याला हसू येतं, पण आपणही आजीच्या घरातलं फुटकं जातं टाकून देत नाही.

आता ही राइड म्हणजे नेमकं काय? लॉग फ्लूम. पूर्वी डोंगरावर तोडलेले ओंडके पाण्याच्या पन्हळीतून खाली सोडत. त्या पन्हळीत माणसं बसवायची कल्पना १९६३ साली टेक्सासमधल्या 'सिक्स फ्लॅग्ज' या पार्कमध्ये प्रत्यक्षात आली. पोकळ ओंडक्यात बसा, चढा, पडा, भिजा. डिस्नेसाठी राइड्स रचणाऱ्या टोनी बॅक्स्टरला १९८३ मध्ये गाडीत, ट्रॅफिकमध्ये अडकलेला असताना सुचलं की असल्या पन्हळीला अख्खी गोष्ट गुंफता येईल. कंपनीला 'अमेरिका सिंग्ज' नावाच्या जुन्या खेळातले हलते-बोलते प्राणी कुठेतरी वापरायचेच होते. ते इथे आले. म्हणजे ज्या राइडसाठी लोक पुढे हळहळले, तिच्यातलेही कितीतरी प्राणी सेकंडहॅंडच होते. त्या संचातल्या दोन हंसांची तर कातडी उतरवून 'स्टार टूर्स' या दुसऱ्या राइडच्या रांगेत रोबो म्हणून नेमणूक झाली!

१७ जुलै १९८९ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँडमध्ये ती उघडली. १९९२ मध्ये टोकियो आणि फ्लोरिडा. फ्लोरिडात सुमारे अर्ध्या मैलाची पन्हळ, दहाएक मिनिटांची सफर आणि शेवटी साधारण पन्नास फुटांची उडी. हे आकडे लक्षात ठेवा, कारण पुढे याच पन्हळीत जुन्या गोष्टीच्या जागी नवी गोष्ट बसवायचं ठरलं, आणि ती बदलायला बसलेल्या माणसाला यातलं काहीही हलवता येत नाही. काँक्रीट तेच, पंप तेच, होडी कुठे रेंगाळेल आणि कुठे सुसाट सुटेल तेही आधीच ठरलेलं. नाटककाराला सांगावं की पडदा अमुक मिनिटाला पडणार, त्याआधी काय घडवायचं ते तू बघ, तसलं हे काम.

आणि त्या पडद्याशी जुनी गोष्ट इतकी घट्ट बसली होती की विचारू नका. ब्रेर रॅबिट नावाचा ससा कोल्ह्याच्या हाती लागतो. गयावया करतो, ''काय वाटेल ते कर बाबा, पण मला त्या काटेरी झुडपात टाकू नकोस.'' कोल्हा खुनशीपणे नेमकं तेच करतो. आणि ससा तर जन्मला, वाढला काट्यांतच! आता राइड आठवा. चढावाच्या तोंडाशी बांधलेला ससा, वर दोन गिधाडं आपल्यालाच टोमणे मारताहेत, होडी खडखडत वर चालली आहे. पोटात गोळा. मग धाडकन खाली, थेट झुडपात. पडणं हीच सुटका! घाबरून किंचाळायचं आणि खाली पोचल्यावर हसायचं, हे पन्हळीला जे हवं तेच त्या सशालाही हवं. राइड आणि गोष्ट यांची इतकी नेमकी गाठ मला दुसरीकडे दिसलेली नाही.

मग बदललं का? कारण हा ससा ज्या दारातून आला ते दार. १९४६ चा डिस्नेचा चित्रपट, 'साँग ऑफ द साउथ'. गुलामी संपल्यानंतरच्या दक्षिणेतला मळा, आणि तिथला कृष्णवर्णीय म्हातारा गोऱ्या मुलाला गोड गोड गोष्टी सांगतोय. जणू तिथे कुणाचं काही बिघडलंच नव्हतं. प्रीमियर झाला अटलांटात, आणि म्हाताऱ्याचं काम करणारा नट जेम्स बास्केट वर्णभेदामुळे स्वतःच्याच चित्रपटाला हजर राहू शकला नाही. अमेरिकेत डिस्नेने हा चित्रपट घरी बघायला कधीच उपलब्ध करून दिला नाही. राइडमधून म्हातारा वगळला होता, गोष्टीत सशाला चिकटवून पकडणाऱ्या काळ्या डांबराच्या बाहुलीच्या जागी मध आणला होता. म्हणजे १९८९ मध्येही कुठे दुखतं ते ठाऊक होतंच.

यातला चटका असा की मुळात ही गोष्ट गुलामांचीच. आफ्रिकेतून आलेली, मळ्यांवर रुजलेली. दुबळ्याने दांडग्याला शब्दांत गुंडाळायचं. सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा आपला ससा याचाच भाऊबंद. जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराने या गोष्टी १८८० मध्ये पुस्तकात आणल्या आणि भोवती तो हसरा म्हातारा बसवला. ससा निर्दोष, चौकट सडलेली. पण थीम पार्कात चौकट आणि चित्र वेगळं करून कोण दाखवणार? बदल व्हायलाच हवा होता, असं माझं मत आहे.

जून २०२० मध्ये घोषणा झाली. नवी नायिका टियाना, २००९ च्या चित्रपटातली, डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या. १९२० च्या दशकातलं न्यू ऑर्लिन्स, स्वतःचं रेस्टॉरंट काढणारी मुलगी. आता पहिला पेच बघा. लुइझियाना पसरट, दलदलीचा मुलुख. तिथे डोंगर आणायचा कुठून? डोंगर तर पाडायचा नाही! उत्तर शोधलं भूगर्भात. त्या भागात जमिनीखालचं मीठ वर रेटून खरोखर टेकड्या तयार होतात. तिथलं एव्हरी आयलंड असंच, समुद्रसपाटीपासून दीडशे फुटांहून थोडं उंच. म्हणून टियानाने जुनी मिठाची खाण घेतली आणि तिथे कामगारांच्याच मालकीची सहकारी कंपनी काढली, असं ठरलं. ही हुशारी मला मनापासून आवडली. हे रांगेत किती जण वाचतात, हा वेगळा मुद्दा.

दुसरा पेच मात्र सुटला नाही. टियानाची मार्डी ग्राची, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या कार्निव्हलची, मेजवानी आहे, वादक कमी पडताहेत, आपण दलदलीत वादक शोधायला निघतो. बेडूक, अस्वलं, पाणमांजरं वाद्यं घेऊन बसलेली. मधेच मामा ओडी, चित्रपटातली जादूगार म्हातारी, आपल्याला बेडकाएवढं करते. पुतळे अप्रतिम, चेहरे जिवंत, संगीत उत्तम. मग चढाव येतो. मामा ओडी आपल्याला पुन्हा मूळ आकाराचं करणार आणि मेजवानीला धाडणार. ठीक. पण मेजवानीला जायला कुणी किंचाळत जातं का? मूळ चित्रपटातला खलनायक, जादूगार डॉ. फॅसिलिए, इथे नाहीच. कुणी अडवत नाही, कुणाचं काही पणाला लागत नाही. पन्नास फूट आपण पडतो ते निव्वळ पन्हळ तिथे संपते म्हणून.

कोणी म्हणेल, मुलांना घाबरवायचं कशाला? अहो, उतार आहेच की घाबरवायला! गोष्टीने त्या भीतीला नुसतं नाव द्यायचं असतं. सावल्यांचा खेळ करणारा तो जादूगार चढावावर दोन मिनिटं उभा केला असता, तरी काम भागलं असतं.

टियानाची राइड फ्लोरिडात २८ जून २०२४ ला आणि डिस्नेलँडमध्ये त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला सुरू झाली. टोकियोतली जुनी मात्र बदललेली नाही. तिथे ससा अजून चढावाच्या तोंडाशी बांधलेलाच आहे, जपानीत विनवण्या करतो, आणि पाण्याच्या पलीकडे झुडूप त्याची वाट बघतंय.