मुक्कामी गाडी

(पडद्यावर: धुक्यात हरवलेला रस्ता. डावीकडे सूचिपर्णी झाडं, उजवीकडे फक्त लाटांचा आवाज. धुक्यातून एक पांढरी, चौकोनी, अवाढव्य गाडी हळूच पुढे येते.)

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचा समुद्रकिनारा ३६३ मैलांचा. म्हणजे ५८४ किलोमीटर. उत्तरेला अस्टोरिया, दक्षिणेला ब्रूकिंग्ज आणि दोघांना जोडणारा हायवे १०१. साध्या मोटारीने भल्या पहाटे निघालं तर रात्रीपर्यंत दुसरं टोक गाठता येतं. आम्ही आरव्हीने, म्हणजे चाकांवरच्या घराने, नऊ दिवस घेतले. आणि त्या नऊ दिवसांच्या तयारीला सहा महिने.

सहा महिने हा आकडा आमचा नाही, तो इथल्या स्टेट पार्कांचा. तिथे मुक्कामाला गाडी उभी करायची जागा जास्तीत जास्त सहा महिने आधी आरक्षित करता येते, आणि समुद्राजवळच्या जागा तेव्हाच भराभर जातात. जुलैच्या मध्यावर जायचं, तर जानेवारीच्या मध्यावर संगणकासमोर बसायचं. बाहेर पोर्टलंडचा गार पाऊस आणि आपण उन्हाळ्याच्या सुट्टीवरून वाद घालतोय.

(पडद्यावर: जेवणाच्या टेबलावर नकाशा. शेजारी फोन, फोनमध्ये चिपळूणचं स्वयंपाकघर.)

वाद घालणारे आम्ही चौघं. मी आणि माझा नवरा इथे, शनिवारी रात्री. अण्णा आणि आई तिकडे चिपळूणला, रविवारी सकाळी चहा घेत. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. कुंभार्ली घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला असेल, त्याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. आरव्ही म्हणजे काय, हे नवऱ्याने त्यांना पाच मिनिटं समजावलं. आत दोन पलंग, शेगडी, फ्रीज, संडास, बाथरूम, मागे जनरेटर. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मुक्कामी गाडी."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: संध्याकाळी शेवटच्या गावाला जाऊन रात्रभर तिथेच थांबणारी, सकाळी पहिल्या फेरीला परत निघणारी एसटी, ती मुक्कामी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर तिच्यातच झोपायचे. त्या दिवसापासून आमच्या घरात आरव्हीला आरव्ही कोणी म्हटलं नाही.

नवऱ्याने आखलेला कार्यक्रम असा होता: आठ रात्री, आठ ठिकाणं. अण्णांनी तो ऐकला आणि एकच विचारलं, "जावईबापू, रोज बिऱ्हाड मोडायला आणि मांडायला किती वेळ लागतो?"

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. आता आहे. सकाळी निघायला तासभर: वीज काढा, पाण्याची नळी काढा, टाक्या रिकाम्या करा, कपाटांच्या कड्या लावा, फ्रीजचं दार अडकवा, छतावरची खिडकी मिटा. पोचल्यावर पुन्हा अर्धा-पाऊण तास. गाडी सपाट उभी राहावी म्हणून चाकांखाली ठोकळे घालायचे, नाहीतर रात्रभर सगळे एका कुशीवर घरंगळतात. रोज जागा बदलायची म्हटलं, तर सुट्टी यातच जाते.

म्हणून आठाची पाच ठिकाणं झाली. फोर्ट स्टीव्हन्सला दोन रात्री, बेव्हर्ली बीचला दोन, हनीमनला दोन, मग बुलर्ड्स बीच आणि हॅरिस बीचला एकेक. पहिल्या ठिकाणाहून दुसऱ्याला जाताना २०० किलोमीटरच्या आसपास. बाकी टप्पे शंभर-सव्वाशेच्या घरातले. अण्णांचा नियम होता की दुपारी तीनच्या आत गाडी लागलीच पाहिजे. एवढं मोठं धूड मागे घेत अरुंद जागेत लावायचं काम अंधारात करायचं नसतं, हे त्यांनी अमेरिका न पाहता सांगितलं.

(पडद्यावर: नकाशावर वरून खाली सरकणारं बोट.)

उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं, हे मात्र माझं. इथे वाहनं उजव्या बाजूने चालतात. खाली उतरत गेलात की समुद्र तुमच्याच बाजूला राहतो. गाडी थांबवायच्या जागा उजवीकडे येतात, समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. आणि उन्हाळ्यात वारा वायव्येचा, म्हणजे बराच वेळ पाठीवर. बारा फुटांच्या आसपास उंचीच्या भिंतीला आडव्या वाऱ्याचा धक्का काय असतो, ते पुलावर गेल्यावरच कळतं.

याच वाऱ्यामुळे इथला उन्हाळा फसवतो. वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी खुल्या समुद्राकडे ढकलतो आणि त्याच्या जागी खोलवरचं थंडगार पाणी वर येतं. त्यावरून आलेली दमट हवा गार होते, तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होतात आणि धुकं पसरतं. आत खोऱ्यात पस्तीस अंशांवर लोक घामाघूम झालेले असतात, तेव्हा किनाऱ्यावरच्या न्यूपोर्टला भर दुपारी जेमतेम अठरा. पाणी त्याहून गार, बारा-तेराच्या आसपास. आईने सामानात सुती साड्या भरल्या होत्या. मी फोनवरच स्वेटर, कानटोपी आणि मोजे भरायला लावले. "समुद्राला कानटोपी?" हा प्रश्न तिने पुढे महिनाभर सगळ्या शेजारणींना विचारला.

(पडद्यावर: भाड्याच्या गाड्यांचं आवार. रांगेने उभ्या पांढऱ्या गाड्या.)

गाडी निवडताना मोह मोठीचा होतो. आम्ही पंचवीस फुटी घेतली. ही चालवायला ओरेगनचं साधं लायसन्स पुरतं. ही सोय आहे, तसाच धोकाही. सोळा फुटी मोटार चालवणाऱ्याच्या हातात थेट किल्ली येते. भाडं दिवसाचं वेगळं, मैलांचं वेगळं, जनरेटरच्या तासांचं वेगळं. आपल्या मोटारीचा विमा इथे चालेलच असं नाही, ते आधी लेखी विचारून घ्यावं. पेट्रोल एका लिटरला चार किलोमीटरच्या आसपास. हे ऐकून अण्णांना मनापासून आनंद झाला. "आमची लालपरी याहून बरी. आणि पन्नास माणसं घेऊन."

अण्णांना गाडी चालवायला मिळणार नव्हती, करारात नाव फक्त नवऱ्याचं. पण आवारात पहिल्यांदा गाडी वळवताना ते बाजूच्या सीटवर बसले आणि एवढंच म्हणाले, "पुढचं मी बघतो. तुम्ही मागचं ढुंगण विसरू नका." मागच्या चाकांच्या मागेही गाडीचा बराच भाग लोंबत असतो. उजवीकडे वळलात की तो डावीकडे फेकला जातो. करारपत्राच्या वीस पानांत हे वाक्य इतकं स्पष्ट कुठेच नव्हतं.

(पडद्यावर: गाडीच्या पोटातल्या तीन टाक्यांचं साधं रेखाचित्र.)

आता पाण्याचं. या सहलीचं खरं नियोजन इथे आहे. निसर्गदृश्यांचे व्हिडिओ शेकड्याने सापडतात, टाक्यांबद्दल मात्र लोक लाजतात.

टाक्या तीन. एक चांगल्या पाण्याची, आमच्या गाडीत साधारण दीडशे लिटरची. दुसरी 'ग्रे', बेसिन आणि न्हाणीचं सांडपाणी. तिसरी 'ब्लॅक'. काय ते कळलं असेलच. ज्या जागेवर पूर्ण जोडण्या असतात तिथे वीज, पाणी आणि सांडपाण्याचं तोंड असं तिन्ही मिळतं. काही जागांवर फक्त वीज-पाणी. म्हणजे निघताना डंप स्टेशनवर, टाक्या रिकाम्या करायच्या ठिकाणी, रांग लावायची.

रिकामं करताना आधी ब्लॅक, मग ग्रे. साबणाचं पाणी मागून आलं की नळी धुतली जाते. आणि जोडणी कायमची असली तरी ब्लॅकची झडप उघडी ठेवायची नाही. पाणी वाहून जातं, बाकीचं तळाला वाळून बसतं. हातमोजे घालायचे आणि बोलणं कमी करायचं.

आता आपला खास प्रश्न. या टाक्या कागद वापरणाऱ्यांचा अंदाज धरून बनवलेल्या. आम्ही चौघं पाणी वापरणारे. इतरांची चार-पाच दिवस पुरते ती टाकी आमची दोन दिवसांत भरते. हा हिशेब जानेवारीत केला, म्हणून मुक्काम दोन-दोन रात्रींचे आणि जमेल तिथे पूर्ण जोडणीचे. कोणत्याही इंग्रजी माहितीपत्रकात हे लिहिलेलं नव्हतं.

विजेचंही तसंच. तीस अँपिअर, १२० व्होल्ट. गुणाकार करा, ३६०० वॅट. मायक्रोवेव्ह, चहाची किटली आणि एसी एकदम चालू केलेत की सगळा अंधार. कुकर लावायचा तर किटली थांबते. आणि फोडणी बाहेर. आत मोहरी तडतडली, मिरची पडली की धुराचा अलार्म असा कोकलतो की शेजारच्या तंबूतली माणसं उठतात. आईने पहिल्या संध्याकाळी तो अनुभव घेतला. दुसऱ्या दिवशी कॅम्पच्या लाकडी टेबलावर छोटी शेगडी मांडून आमटीला फोडणी दिली. समोर १९०६ मध्ये वाळूत रुतलेल्या 'पीटर आयरडेल' जहाजाचा गंजलेला सांगाडा पाहून आलेली माणसं परतत होती. दोघांनी थांबून वास कसला ते विचारलं.

(पडद्यावर: मैलोन्‌मैल मोकळी वाळू. एकही कुंपण नाही.)

हा किनारा इतका मोकळा का, याला कारण आहे. १९१३ मध्ये गव्हर्नर ऑस्वाल्ड वेस्ट यांनी भरतीच्या ओल्या वाळूचा पट्टा सार्वजनिक हमरस्ता म्हणून जाहीर करवून घेतला. तेव्हा लोक खरंच वाळूवरून गाड्या हाकत. पुढे १९६६ मध्ये कॅनन बीचला एका मोटेलवाल्याने समोरची कोरडी वाळू फक्त आपल्या गिऱ्हाइकांसाठी म्हणून अडवली. गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी, ६ जुलै १९६७ रोजी, गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी बीच बिलावर सही केली. वाळू झाडोऱ्यापर्यंत सगळ्यांची झाली. स्टेट पार्कातल्या परवडणाऱ्या जागेवरून चालत समुद्रावर जाता येतं, त्यामागे हे आहे.

पुलांची गोष्ट अण्णांना जास्त भावली. इथेही खाड्यांवर आधी फेरीच होती. मग कॉन्डे मॅक्कला या अभियंत्याच्या आराखड्यांवर पाच मोठे पूल उभे राहिले आणि १९३६ मध्ये वाहतूक सुरू झाली. त्यातला न्यूपोर्टचा यक्विना खाडीवरचा कमानीचा पूल अजून तेच काम करतोय. अण्णा त्याच्यावरून जाताना एक शब्द बोलले नाहीत, नवऱ्याच्या हाताकडे बघत होते. पलीकडे गेल्यावर म्हणाले, "दाभोळला आम्ही अजून फेरीबोटीतच गाडी चढवतो."

(पडद्यावर: निळा फलक, त्यावर लाट आणि टेकडीवर धावणारा माणूस.)

नियोजनात एक गोष्ट राहिली होती, ती आईने दाखवली. जागोजाग हे फलक कसले? त्सुनामीचे. किनाऱ्यासमोर समुद्राखाली कॅस्केडिया नावाची भेग आहे. तिथला शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० चा. तारीख इतकी नेमकी कळली ती जपानमधल्या नोंदींवरून: तिथे धरणी हलली नाही, पण लाट आली. जोराचा हादरा बसला तर भोंग्याची वाट बघायची नाही, पायी उंचावर जायचं. त्यानंतर प्रत्येक मुक्कामाला गाडी लागली की आधी टेकडीची वाट कुठे ते पाहून यायचं, मग चहा. उथळ वाटणाऱ्या वाळूवर अचानक चढून येणाऱ्या लाटाही इथे माणसं ओढून नेतात. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगावं लागलं नाही.

बाकी पाहण्यासारखं पुष्कळ. डेपो बेला रस्त्याच्या कठड्यावरून करडे देवमासे, यक्विना हेडचा ९३ फुटी दीपस्तंभ, फ्लॉरेन्सच्या खाली चाळीस मैल पसरलेल्या वाळूच्या टेकड्या. हनीमनला तर कॅम्पातून निघून थेट वाळूचा डोंगर चढता येतो आणि खाली गोड्या पाण्याचं तळं. आई तिथे अर्धा दिवस पाय बुडवून बसली. पुढचा दीपस्तंभ आम्ही रद्द केला. तो अजून तिथेच असेल.

(पडद्यावर: हॅरिस बीच. समुद्रात उभे काळे खडक, रात्री नऊचा सूर्यास्त. गाडीत पिवळा दिवा. वहीचं पान.)

शेवटचा मुक्काम ब्रूकिंग्ज. इथून समुद्र सोडून आत वळायचं आणि मोठ्या हायवेने साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर घरी.

अण्णांनी नऊही दिवस एक वही ठेवली होती, डेपोतल्या लॉगशीटसारखी. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, किलोमीटर, पेट्रोल. शेवटच्या रकान्यात टाक्या. त्या रात्रीची नोंद अशी:

"ब्रूकिंग्ज. पोच २.४०. किलोमीटर १३३. पाणी पाऊण टाकी. ग्रे अर्धी. ब्लॅक रिकामी. ड्रायव्हर सुधारला. गाडी मुक्कामी."