आपला फोन, आपला प्रोग्राम

मंडळी, १९८४ साली आपल्याकडे शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक प्रकल्प सुरू झाला आणि निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक येऊन पोचले. बटण दाबलं की पडद्यावर 'बेसिक' (प्रोग्राम लिहायची भाषा) अशी अक्षरं यायची आणि खाली कर्सर लुकलुकत राहायचा. मुलानं तिथंच चार ओळी लिहायच्या, 'रन' टाइप करायचं, की झालं. मेमरी होती ३२ किलोबाइट. आज चार जीबीचा साधा फोन घेतला तरी त्याच्या लाखपटीहून जास्त मेमरी तुमच्या खिशात असते. पण स्वतः लिहिलेल्या चार ओळी चालवायला त्या फोनवर जागा कुठे आहे? मला आज त्यावरच बोलायचंय. पण आधी आमच्या तात्यांची गोष्ट सांगतो, म्हणजे माझा जीव का तुटतो ते कळेल.

दिवसभर मी नोकरीसाठी कोड लिहितो. रात्रीचा कोड घरच्यांसाठी. तात्या म्हणजे माझे चुलते, ऊस करतात. शेतीपंपाची थ्री-फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री, पाळीनं येते, हे इथं कुणाला सांगायला नको. 'मग ऑटो बसवा की,' असं शहरातले मित्र म्हणतात. ऑटो आहेच. मोटार आपोआप चालू होते, पण सरी भरली की दारं मोडायला, म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवायला, माणूसच लागतो. म्हणून मी ॲप लिहिलं: आठवड्याच्या पाळ्या भरायच्या, कुठल्या रानाला पाणी द्यायचं ते निवडायचं, लाईट यायच्या अर्धा तास आधी गजर. माझ्या फोनवर बिनचूक वाजायचा. तात्यांच्या फोनवर पहिल्याच रात्री गप्प. सकाळी तात्यांचा फोन: "बाळा, तुझं ॲप माझ्याआधी झोपतंय की!"

कारण शोधत गेलो. ॲण्ड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, पडून राहिलेला फोन 'डोझ'मध्ये जातो आणि ॲपची कामं पुढं ढकलतो. ते योग्यच आहे, बॅटरी वाचते. डोझमध्येही गजर वेळेवर वाजवायची सोय आहे, ती मी वापरली होती. ॲण्ड्रॉइड १२ पासून नेमक्या वेळेच्या गजराला वेगळी परवानगी लागते, तीही तात्यांकडून घेतली होती. फोन बंद करून चालू केला की लावलेले गजर पुसले जातात, म्हणून ते पुन्हा लावायचा कोडही होता. मग अडलं कुठं?

तात्यांच्या शेजारी बसलो तेव्हा कळलं. झोपायच्या आधी तात्या चौकोनाचं बटण दाबून उघड्या ॲप्सची यादी काढतात आणि 'सगळं साफ करा'वर बोट ठेवतात. फोनच रोज तशी आठवण करतो. फोनच्या कंपनीनं ॲण्ड्रॉइडवर स्वतःचं जे बॅटरीचं खातं बसवलंय, ते अशा वेळी ॲप नुसतं बंद करत नाही, सक्तीनं थांबवतं. आणि सक्तीनं थांबवलेल्या ॲपचे सगळे गजर रद्द होतात. त्याच कंपनीचं घड्याळाचं ॲप मात्र 'साफ' केलं तरी वाजतं! त्याला सूट आहे. मला राग येतो तो इथं. पैसे तात्यांनी मोजले, रात्री रानात तात्या जाणार, आणि कुठल्या गजराला सूट द्यायची ते ठरवणार तिसराच. ऑटोस्टार्ट चालू केलं, बॅटरीचं बंधन काढलं, यादीत ॲपला कुलूप लावलं, तेव्हा गजर वाजू लागला. पुढं फोनला अपडेट आलं आणि ती सगळी बटणं पुन्हा मूळ जागी!

याच ॲपची आणखी एक गंमत, आपल्या भाषेची. तात्यांनी एका रानाचं नाव भरलं 'कोपऱ्याचं', चुलतभावानंही तेच भरलं, आणि यादीत दोन रानं दिसायला लागली. अक्षरं डोळ्यांना हुबेहूब सारखी. एका कीबोर्डनं 'ऱ' हे अक्षर घेऊन पाय मोडला होता. दुसऱ्यानं साधा 'र', हलन्त आणि मग न दिसणारा एक जोडक घातला होता. युनिकोड म्हणजे संगणकात अक्षरं साठवायची प्रमाण पद्धत; एकच अक्षर दोन तऱ्हांनी लिहिलं तर ते एकसारखं करायचं तिचं नेहमीचं नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही. ते मराठी लिहिणाऱ्यानंच करायला हवं. घरच्यांसाठी लिहिलेल्या कोडमध्ये असल्या गोष्टी सापडतात, म्हणून तो लिहिला गेला पाहिजे, असं मी जीव तोडून सांगतो.

आयोजक घड्याळ दाखवतायत, तेव्हा मुद्द्याचं भराभर सांगतो. आयफोनवर स्वतःचं ॲप फुकट खात्यानं टाकलं तर सात दिवसांत त्याची मुदत संपते. ती कटकट नको तर पैसे भरून खातं घ्यायचं, वर्षाला ९९ डॉलर. ॲण्ड्रॉइडवर फाइल थेट टाकता येते, पण ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलनं नवा नियम जाहीर केला: गूगलनं प्रमाणित केलेल्या फोनवर ॲप टाकायचं तर ते लिहिणाऱ्याची ओळख पडताळलेली हवी. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, मग इतरत्र. विद्यार्थी आणि हौशी लोकांना मोजक्या फोनांपुरतं वेगळं खातं देऊ, असंही म्हटलंय. फसवणुकीची ॲप्स खरोखर लोकांना लुटतात, ही काळजी मला मान्य आहे. पण चुलत्याच्या फोनवर पुतण्यानं गजर टाकायला परवानगी चुलत्याची पुरे.

माझं मागणं दोन गोष्टींचं. मालकानं एकदा 'हे ॲप चालू ठेव' म्हटलं की अपडेटनंतरही ते पाळलं जावं. आणि प्रत्येक फोनवर, विकत घेतल्या दिवसापासून, चार ओळी लिहून चालवायची जागा असावी.

तोवर ज्यांना आज रात्रीच सुरुवात करायचीय त्यांनी एका एचटीएमएल पानात, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत, जावास्क्रिप्ट या भाषेत प्रोग्राम लिहावा. दुधाचा हिशेब, भिशीची यादी, काहीही. डेटाची प्रत बाहेर काढायचं बटण मात्र पहिल्याच दिवशी लिहा. वेबवर ठेवलेलं पान सफारीत, म्हणजे आयफोनच्या ब्राउझरमध्ये, उघडत असाल आणि सफारी वापरत असूनही सात दिवस त्या पानाकडे फिरकला नाहीत, तर त्यात साठवलेलं सगळं सफारी पुसून टाकतो. पान होम स्क्रीनवर घेतलं असेल तर वाचतं.