बाबाको ही कसोटी का नाही?

(पडद्यावर कोरा कागद, पट्टी, कोनमापक आणि कंपास)

बाबाको म्हणजे बाजू-बाजू-कोन. दोन त्रिकोणांच्या दोन बाजू आणि त्या बाजूंमधला नसलेला एक कोन सारखे असले, तर ते त्रिकोण एकरूप, म्हणजे एकमेकांवर तंतोतंत जुळणारे, असतातच का? कागदावर एक आडवा किरण काढू. त्याच्या आरंभबिंदूपाशी, म्हणजे 'अ'पाशी, 30 अंशांचा कोन करू. कोनाच्या दुसऱ्या भुजेवर 8 सेंटिमीटर अंतरावर 'ब' घेऊ. आता आडव्या किरणावर 'क' असा शोधायचा, की बक ही बाजू 5 सेंटिमीटर येईल. दोन बाजू ठरल्या, एक कोनही ठरला. फक्त तो कोन त्या दोन बाजूंमधला नाही.

(कंपासचं टोक 'ब'वर)

कंपासमध्ये 5 सेंटिमीटर घेऊन कंस फिरवला. पाहा, त्यानं किरणाला दोनदा छेदलं! एक 'क' मिळाला 'अ'पासून साधारण 3.9 सेंटिमीटरवर, दुसरा 9.9 वर. दिलेली मापं दोन्ही त्रिकोण तंतोतंत पाळतात, पण एकावर दुसरा ठेवला तर जुळत नाही. म्हणूनच बाकोबा (बाजू-कोन-बाजू), कोबाको, बाबाबा या एकरूपतेच्या कसोट्यांच्या पंगतीत बाबाकोला पान मांडलेलं नसतं.

आता 'ब'पासून किरणावर लंब टाकू. तो भरतो 4 सेंटिमीटर, कारण 30 अंशांसमोरची बाजू कर्णाच्या निम्मी. बक 4 पेक्षा लहान असेल तर कंस किरणापर्यंत पोहोचतच नाही. बरोबर 4 असेल तर नुसता स्पर्श करतो आणि एकच काटकोन त्रिकोण मिळतो. 8 किंवा जास्त असेल तरी त्रिकोण एकच. घोळ होतो तो 4 आणि 8 च्या मधेच.

आणि तो सुटतोही किती थोडक्यात! 'ब' आणि दोन्ही 'क' मिळून समद्विभुज त्रिकोण होतो. त्यामुळे 'क'पाशी एका त्रिकोणात साधारण 53 अंश, तर दुसऱ्यात 127. बेरीज 180. 'क'चा कोन लघु की विशाल, एवढं कळलं की त्रिकोण पक्का. 'एलिमेंट्स' या भूमितीच्या प्राचीन ग्रंथाच्या सहाव्या खंडातल्या सातव्या प्रमेयात युक्लिडनं समरूप त्रिकोणांसाठी नेमकी अशीच अट घातली आहे.

काटकोन त्रिकोणाची कर्णभुजा कसोटी (कर्ण आणि एक बाजू सारखी, की त्रिकोण एकरूप) शाळेत वेगळी म्हणून पाठ करून घेतात. खरं तर ती बाबाकोच आहे, आणि हे वर्गात आवर्जून सांगायला हवं. 'अ'पाशी 90 अंश करून बक हा कर्ण घ्या. कंस आता 'अ'च्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर छेदतो. त्यातला एकच बिंदू आपल्या किरणावर आहे, आणि पलीकडच्या बिंदूचा त्रिकोण घेतला, तरी तो याचंच आरशातलं रूप आहे.