पाण्याच्या टाकीत उडालेले विमान

श्रोतेहो, नमस्कार.

२ मे १९५२ रोजी दुपारी लंडनच्या विमानतळावरून ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचे, म्हणजे बीओएसीचे, एक विमान जोहान्सबर्गला निघाले. त्याच्या पंखांवर एकही पंखा फिरत नव्हता. पैसे भरून तिकीट काढलेल्या प्रवाशांना घेऊन नियमित वेळापत्रकानुसार उडालेले ते जगातील पहिले जेट विमान होते. डी हॅविलंड कंपनीने इंग्लंडमध्ये हॅटफील्ड येथे ते बांधले होते आणि त्याचे नाव होते कॉमेट. रोम, बैरुत, खार्टुम असे थांबे घेत ते चोवीस तासांच्या आत दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॉमेटची कोलंबो सेवा सुरू झाली. त्या मार्गावर मुंबई हा एक थांबा होता, त्यामुळे सांताक्रूझच्या धावपट्टीला जेट युगाची ओळख फार लवकर झाली.

आज आपण प्रवासी जेट विमानांच्या इतिहासाविषयी बोलणार आहोत. या इतिहासात इंजिनांचे कौतुक नेहमी होते आणि ते योग्यही आहे. परंतु जेट प्रवास सुरक्षित झाला तो इंजिनामुळे नव्हे. तो सुरक्षित झाला इंग्लंडमधील फार्नबरो येथील पाण्याने भरलेल्या एका टाकीमुळे. त्या टाकीची हकीकत मला मनापासून सांगावीशी वाटते, म्हणून आजचा बराचसा वेळ मी तिलाच देणार आहे.

त्याआधी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जेट इंजिन कमी उंचीवर इंधन फार खाते आणि विरळ हवेत ते काटकसरीने चालते. म्हणून कॉमेट पस्तीस ते चाळीस हजार फुटांवरून उडत असे. जुनी पंख्याची विमाने याच्या जवळपास निम्म्या उंचीवरून जात. चाळीस हजार फुटांवर माणूस श्वास घेऊ शकत नाही, म्हणून आत हवेचा दाब टिकवून ठेवावा लागतो. बाहेरची हवा विरळ आणि आतली दाट, त्यामुळे विमानाचा पत्रा आतून बाहेर रेटला जातो. कॉमेटमध्ये हा रेटा दर चौरस मीटरला सुमारे पावणेसहा टन इतका होता, आणि पत्र्याची जाडी बऱ्याच भागात एक मिलिमीटरपेक्षाही कमी होती. विमान वर गेले की त्याचे धड किंचित फुगते, खाली उतरले की पूर्ववत होते. प्रत्येक उड्डाणाला एकदा फुगणे, एकदा बसणे. श्रोतेहो, एवढे एक वाक्य ध्यानात ठेवा: प्रत्येक उड्डाणाला एकदा फुगणे, एकदा बसणे.

पहिली सेवा सुरू झाल्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, २ मे १९५३ रोजी, कोलकात्याच्या डमडम विमानतळावरून निघालेले कॉमेट काही मिनिटांतच वादळात सापडून मोडून पडले आणि त्रेचाळीस माणसे मृत्युमुखी पडली. भारत सरकारने चौकशी केली आणि वादळी वाऱ्याच्या झोतांमुळे किंवा त्यांना तोंड देताना वैमानिकाने दिलेल्या अतिताणामुळे विमान मोडले असावे, असा निष्कर्ष निघाला. कॉमेटची कहाणी सांगताना पुष्कळदा हा अपघात एका ओळीत उरकला जातो. मला ते बरे वाटत नाही. ती माणसे आपल्या भूमीवर गेली आणि त्यांची आठवण आपणच ठेवायला हवी.

१० जानेवारी १९५४ रोजी सकाळी सिंगापूरहून आलेले एक कॉमेट रोमहून लंडनकडे निघाले. नोंदणीच्या अक्षरांवरून त्याला योक पीटर म्हणत. दोन वर्षांपूर्वी ती पहिली ऐतिहासिक फेरी याच विमानाने केली होती. उड्डाणानंतर वीसेक मिनिटांनी त्याचा वैमानिक त्याच मार्गावरील दुसऱ्या विमानाशी रेडिओवर बोलत होता आणि त्याचे वाक्य अर्ध्यावर तुटले. एल्बा बेटाजवळच्या कोळ्यांनी समुद्रात पडणारे अवशेष पाहिले आणि होड्या घेऊन धाव घेतली. पस्तीसपैकी कोणीही वाचले नव्हते.

कॉमेटची उड्डाणे थांबवण्यात आली. शक्य वाटणाऱ्या कारणांची यादी करून पन्नासच्या वर सुधारणा करण्यात आल्या आणि २३ मार्चला सेवा पुन्हा सुरू झाली. अवघ्या सोळा दिवसांनी, ८ एप्रिलला, रोमहून कैरोकडे निघालेले दुसरे कॉमेट नेपल्सजवळच्या समुद्रात कोसळले आणि एकवीस जण गेले. तेव्हा कॉमेटचे उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्रच काढून घेण्यात आले. पंतप्रधान चर्चिल यांनी या शोधासाठी पैसा आणि मनुष्यबळ यांचा हिशेब करायचा नाही, असे बजावले. तपासाचे काम फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या सरकारी विमान संशोधन संस्थेकडे आले. तिचे संचालक होते सर अर्नॉल्ड हॉल. एल्बाजवळ ब्रिटिश आरमार समुद्राच्या तळातून योक पीटरचे तुकडे वर काढत होते आणि त्यासाठी पाण्याखाली चालणारा दूरचित्रवाणी कॅमेराही वापरला जात होता.

अपघाताविषयी हॉल यांच्यासमोर अनेक शक्यता होत्या. आग लागली असेल, इंजिन फुटले असेल, घातपात झाला असेल. धातूच्या थकव्याचा संशयही त्यांत होता. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण तीच तार पुन्हा पुन्हा वाकवली की हातात दोन तुकडे येतात. फुगण्या-बसण्याच्या प्रत्येक फेऱ्याने पत्र्याचे तसेच होत असेल का, हा प्रश्न होता. मात्र डी हॅविलंडने धडाच्या एका भागाची आधीच कसून चाचणी घेतली होती आणि तो भाग दाबाचे सोळा हजार फेरे सहन करून गेला होता. योक पीटरने सुमारे तेराशे उड्डाणे केली होती आणि नेपल्सजवळ पडलेल्या विमानाने तर नऊशेच. सोळा हजार फेरे टिकणारी वस्तू नऊशे फेऱ्यांत कशी फाटेल? कोणताही समंजस अभियंता हाच प्रश्न विचारील.

हॉल यांनी ठरवले की एक संपूर्ण विमान घ्यायचे आणि ते फुटेपर्यंत उडवायचे, पण जमिनीवर. बीओएसीच्या ताफ्यातले योक अंकल हे विमान त्यासाठी मिळाले. धडात हवा भरून दाब दिला असता, तर ते फुटताच दाबलेली हवा स्फोटासारखी पसरून विमानाच्या ठिकऱ्या झाल्या असत्या आणि पहिली चीर कोठे पडली ते कधीच कळले नसते. पाणी दाबले तरी जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे चीर पडताच दाब क्षणात उतरतो आणि फाटलेला पत्रा जसाच्या तसा पाहायला मिळतो. म्हणून धडाभोवती एक प्रचंड पोलादी टाकी बांधण्यात आली. पंख टाकीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर काढले आणि फटी पाणी गळणार नाही अशा बंद केल्या. टाकीतही पाणी, विमानातही पाणी. मग पंपाने आत थोडे अधिक पाणी रेटले की विमान जणू चाळीस हजार फुटांवर गेले, आणि ते सोडून दिले की जमिनीवर उतरले. हायड्रॉलिक जॅक त्याच वेळी पंखांना वर-खाली वाकवत होते, जसे आकाशात वारा त्यांना वाकवतो. तीन तासांचे उड्डाण काही मिनिटांत आटपत असे, आणि हे काम दिवसरात्र चालू होते.

दिवसरात्र, श्रोतेहो. हॅटफील्डच्या अभियंत्यांची आयुष्यभराची कमाई असलेले ते सुंदर विमान आसने काढून टाकलेल्या अवस्थेत पाण्यात बुडालेले, त्याचे पंख उघड्यावर संथपणे वर-खाली होत असलेले, आणि त्याभोवती पाळ्या बदलत उभी असलेली माणसे. लंडनला निघालेल्या विमानाचा वैमानिक जेवढ्या काळजीने दाबमापकाकडे पाहतो, तेवढ्याच काळजीने ती माणसे एकाच जागी उभ्या असलेल्या विमानाच्या दाबमापकाकडे पाहत होती. विमानविद्येतील धैर्य केवळ वैमानिकांच्या वाट्याचे असते, हा समज मला कधीच पटला नाही.

जूनच्या अखेरीस तो काटा एकाएकी खाली आला. पाणी उपसून पाहिले तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या आपत्कालीन झडपेच्या कोपऱ्यापासून पत्रा लांबवर उसवलेला होता. चिरेच्या उगमाशी, बोल्टच्या एका भोकाजवळ, धातूचा रंग बदललेला होता आणि जाणकार नजरेला थकव्याची ती खूण लगेच कळली. विमानाची प्रत्यक्षातली सुमारे बाराशे आणि टाकीतली सुमारे अठराशे अशी उड्डाणे मिळून आकडा तीन हजारांच्या किंचित वर गेला होता. सोळा हजारांची खात्री तीन हजारांत संपली होती.

मग पहिली चाचणी का फसली? तिच्यात लबाडी नव्हती. त्याच तुकड्यावर आधी मजबुती तपासण्यासाठी नेहमीच्या दुपटीपर्यंत दाब देण्यात आला होता. त्या जबर ताणाने कोपऱ्यांजवळचा धातू किंचित ओढला जाऊन स्थिरावला आणि पुढच्या फेऱ्यांना तो अधिक काळ पुरला. मजबुतीच्या चाचणीनेच त्या तुकड्याचे आयुष्य वाढवले होते. प्रवाशांना घेऊन जाणाऱ्या विमानांना असा दाब कोणी दिला नव्हता. योक अंकलवर केलेल्या मोजणीत खिडकीच्या कोपऱ्यांवरील ताण धातूच्या तुटण्याच्या मर्यादेच्या सुमारे सत्तर टक्क्यांपर्यंत जात असल्याचे दिसले. हा ताण रचनाकारांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त होता.

तरीही हा पुरावा दुसऱ्या विमानाचा होता. खुद्द योक पीटरचे काय? फार्नबरोच्या शेडमध्ये लाकडी सांगाड्यावर त्याचे तुकडे जिथल्या तिथे टांगले जात होते. डाव्या पंखावर धडाच्या रंगाचे ओरखडे सापडले, म्हणजे पंख शाबूत असतानाच धड फुटून त्यावर आदळले होते. त्यानंतर समुद्रातून छताचा एक तुकडा वर आला. दिशा शोधणाऱ्या रेडिओच्या अँटेनासाठी छतात दोन छोट्या खिडक्या होत्या, त्यांपैकी एकीच्या कोपऱ्याजवळच्या भोकापासून चीर निघाली होती.

इथे मला थोडे आग्रहाने बोलायचे आहे. कॉमेट पडले ते चौकोनी खिडक्यांमुळे, असे सर्रास सांगितले जाते. प्रवाशांच्या खिडक्यांचे कोपरे धारदार चौकोनी नव्हते, त्यांना गोलाई होती, आणि योक पीटरची चीर प्रवाशांच्या खिडकीपाशी सुरूच झाली नव्हती. कारण होते पातळ पत्रा, छेदांभोवती एकवटलेला ताण आणि थकव्याविषयीचे अपुरे ज्ञान. एवढी मोठी शोकांतिका एका सोप्या वाक्यात कोंबली की त्यात शिकण्यासारखे काही उरत नाही.

लॉर्ड कोहेन यांच्या अध्यक्षतेखाली खुली चौकशी झाली, डी हॅविलंडने आपली कागदपत्रे समोर ठेवली आणि १९५५ मध्ये अहवाल जाहीर झाला. तो जगातल्या प्रत्येक विमान कंपनीला वाचता आला, अगदी कॉमेटच्या प्रतिस्पर्ध्यांनाही. अपघातांच्या चौकशीचे अहवाल, मग ते विमानाचे असोत, रेल्वेचे असोत किंवा पुलाचे, असेच संपूर्ण आणि लोकांना वाचता येतील अशा भाषेत प्रसिद्ध व्हावेत, असे माझे ठाम मत आहे.

बोइंगने आपल्या ७०७ विमानात या ज्ञानाचा पुरेपूर उपयोग केला. पत्रा अधिक जाड ठेवला आणि चीर पडलीच तर ती पुढे पळू नये म्हणून आतून पट्ट्या बसवल्या. दाब भरलेल्या धडावर जड पाती पाडून, पत्रा चिरला तरी धड फुटत नाही, हे कंपनीने जाहीरपणे दाखवले. कॉमेटची इंजिने पंखांच्या मुळाशी आत दडवलेली होती, तर ७०७ ची चार इंजिने पंखांखाली वेगवेगळी टांगलेली होती, आणि ही मांडणी आजच्या बहुतेक जेट विमानांत दिसते. सुधारलेल्या कॉमेट ४ ने ४ ऑक्टोबर १९५८ रोजी अटलांटिक ओलांडणारी पहिली जेट सेवा सुरू केली खरी, पण त्याच महिन्यात २६ तारखेला पॅन अॅमचे ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला निघाले. ७०७ मध्ये कॉमेटच्या जवळजवळ दुप्पट माणसे मावत होती, त्यामुळे बाजार बोइंगचा झाला. सोव्हिएत संघाचे टुपोलेव्ह १०४ मात्र १९५६ पासूनच मॉस्को–इर्कुत्स्क मार्गावर उडत होते.

एअर इंडियाची पहिली बोइंग ७०७ विमाने १९६० मध्ये आली आणि १९६२ मध्ये तिचा सारा ताफा जेट विमानांचा झाला. या विमानांना नंदादेवी, अन्नपूर्णा, कांचनजंगा अशी हिमालयातील शिखरांची नावे होती. विमानाला केवळ क्रमांक न देता नाव द्यावे, ही प्रथा मला फार आवडते आणि ती पुन्हा जोमाने सुरू व्हावी असे वाटते.

आता त्या वाक्याकडे वळू: प्रत्येक उड्डाणाला एकदा फुगणे, एकदा बसणे. यामुळेच आज विमानाचे वय केवळ वर्षांत किंवा तासांत मोजत नाहीत, तर फेऱ्यांतही मोजतात. लांब पल्ल्याचे विमान दिवसातून एक-दोनदा फुगते, जवळच्या शहरांमध्ये ये-जा करणारे विमान अनेकदा. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे पुढचे छप्पर हवेत उडून गेले आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. ते विमान एकोणीस वर्षांचे होते, पण बेटाबेटांमधल्या छोट्या उड्डाणांमुळे त्याचे जवळजवळ नव्वद हजार फेरे झाले होते. वैमानिकांनी ते छप्पर नसलेले विमान माउई बेटावर उतरवले आणि इतर सर्व प्रवासी जिवंत राहिले. त्यानंतर अमेरिकेत जुन्या विमानांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि रिव्हेटांच्या रांगांमधील केसाएवढ्या चिरा शोधणारी तपासणी अधिक कडक झाली.

नमस्कार.