बिडीचं सूप, शेजारची मैत्रीण आणि बीपीचा पट्टा

नमस्कार मंडळी. मी काही डॉक्टर नाही हां, आधीच सांगून टाकते, नाहीतर उद्या कुणीतरी रिपोर्टची फाईल घेऊन रेडिओ स्टेशनच्या गेटवर उभं राहायचं. मी सिस्टर. ३१ वर्षं दवाखान्यात काढली, त्यातली निम्मी तरी लोकांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधण्यात गेली असतील, आणि आता रिटायर झाले तरी संध्याकाळी गल्लीतलं कुणी ना कुणी येतंच, सिस्टर, जरा बीपी बघता का ओ.

आता बीपी बघायचं म्हणजे पाच मिनिटं गप बसायचं, पाय जमिनीवर, पायावर पाय टाकायचा नाही, लघवी तुंबवून बसायचं नाही, आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाही. बोललात की वरचा आकडा दहाएक पॉइंटनं सहज चढतोय. आमचे सोलापूरकर काही ऐकत नाहीत, पट्टा फुगत असताना, अहो सिस्टर कालची गंमत सांगतो, म्हणून सुरू होतात. मी ओरडते. पण ओरडता ओरडता एक विचार येतो मनात. हेच बोलणं, हीच गंमत सांगणं, लहानपणापासून पोटभर झालेलं असेल तर पुढे जाऊन तेच बीपीला आवरत असेल का? आज त्याच्यावरच बोलायचंय.

झालं असं की २०१८ साली अमेरिकेतल्या जेनी कंडिफ आणि कॅरन मॅथ्यूज या दोघींनी सायकॉलॉजिकल सायन्स या जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. पिट्सबर्ग शहरातली २६७ मुलं. पिट्सबर्ग म्हणजे पोलादाच्या कारखान्यांचं गाव, तिथले कारखाने ऐंशीच्या दशकात धडाधड बंद पडले, म्हणजे आपल्या गिरण्यांचं झालं तसंच म्हणा. तर ही मुलं सहा वर्षांची असल्यापासून सोळा वर्षांची होईपर्यंत त्यांच्या आईबापांना विचारत राहिले की बाबा तुमचा मुलगा आठवड्यात मित्रांबरोबर किती वेळ असतो. आणि तीच मुलं ३२ वर्षांची बाप्ये झाल्यावर त्यांचं बीपी घेतलं, वजन-उंचीचा हिशोब, म्हणजे बीएमआय काढला. ज्यांचा वेळ मित्रांत जास्त गेला होता त्यांचं बीपी आणि बीएमआय दोन्ही थोडं कमी निघालं. लहानपणचं वजन, घरची परिस्थिती, पोरगं मुळात बोलकं होतं का, सगळं हिशोबात धरूनसुद्धा.

थोडं कमी, हे नीट ऐका. फार मोठा फरक नव्हता. आणि मित्रांमुळेच झालं असंही त्यातून सिद्ध होत नाही, दोन गोष्टी बरोबर चालताना दिसल्या एवढंच. व्हॉट्सॲपवर मात्र हे, मित्र असतील तर हार्ट अटॅक येत नाही, असं फिरेल, आणि कुणीतरी गोळ्या बंद करेल. तसलं काही करू नका.

मला त्या अभ्यासात दुसरंच खटकलं. सगळे मुलगेच! मुलगी एक नाही. आता आमच्या पिढीच्या बायकांनी काय करायचं, आम्हाला काय मैत्रिणी नव्हत्या?

मला होती. साखर पेठेत आमच्या वाड्यात समोरच्या खोलीत, घरात तेलुगू बोलणारे, वडील गिरणीत, आई बिड्या वळायची. ही माझ्या वर्गात. शाळेतून आलं की दप्तर टाकून मी तिच्याकडेच, आणि तिची आई दारातच विचारायची, तिन्नावा? म्हणजे जेवलीस का. त्या वयात मला तेलुगूतला तेवढाच एक शब्द यायचा, पण तो पुरायचा, कारण पुढे ताटली यायचीच, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर तेल.

मग आम्ही बसायचो. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं, ती पत्र्याचा माप ठेवून कात्रीनं कापायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पान डाव्या हातात, चिमूटभर तंबाखू, बोटांनी गोल करत न्यायचं, दोरा मारायचा, तोंड दुमडून आत खोचायचं. मैत्रिणीची बोटं बघत बसावं अशी चालायची आणि तोंड त्याहून जास्त. मला वळायला द्यायचे नाहीत, माझी बिडी सैल व्हायची आणि कारखान्यात माल देताना खराब बिड्या बाजूला काढायचे, त्याचे पैसे मिळायचे नाहीत, म्हणून माझ्याकडं पानं कापायचं आणि पंचवीस पंचवीस मोजून कट्टे बांधायचं काम. पुढं नर्सिंगला गेल्यावर कळलं की त्या धुरळ्यानं त्या बायकांच्या छातीचं काय होतं, आणि त्या बिड्या ओढणाऱ्यांचं तर काय सांगायलाच नको. पण ते नंतर. तेव्हा संध्याकाळचे ते दोन तास म्हणजे माझ्या दिवसातला एकच वेळ होता जेव्हा मला घरचं काही आठवायचं नाही. घरी वडिलांचं पिणं होतं. भांडणाचा आवाज आला की ती माझ्याकडे न बघता फक्त सूप थोडं सरकवायची, जागा करून द्यायची शेजारी.

जागा करून द्यायची हे मी उगाच सांगत नाहीये. १९९० मध्ये, परत पिट्सबर्गलाच, आणि यावेळी चक्क मुलींवर, एक प्रयोग छापून आला. कॉलेजच्या मुलींना तोंडी अवघड गणितं घातली, ठरलेला आकडा परत परत वजा करत उलटं जा, असली. काही मुली एकट्या, काहींच्या शेजारी त्यांची मैत्रीण बसवली. मैत्रिणीनं काही बोलायचं नाही, मदत करायची नाही, फक्त मनगटावर हात ठेवायचा. जिच्या मनगटावर मैत्रिणीचा हात होता तिच्या हृदयाचे ठोके कमी वाढले. गणित तेच, मुली त्याच वयाच्या.

शरीरात काय होतंय तर टेन्शन आलं की ॲड्रिनलिन सुटतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, मागोमाग कॉर्टिसॉल, ते पण टेन्शनचंच हार्मोन. कामापुरतं चढून खाली आलं तर काही बिघडत नाही, ते त्याच्यासाठीच आहे, कुत्रं मागं लागलं तर पळता आलं पाहिजे की. पण लहानपणापासून रोज चढतंय आणि उतरवायला कुणीच शेजारी नाही, अशी वर्षं गेली तर रक्तवाहिन्या कडक व्हायला लागतात. आणि आपल्याकडं वेळही कमी असतो, हे लक्षात घ्या. ५२ देशांचा इंटरहार्ट म्हणून जो मोठा अभ्यास झाला त्यात भारत, पाकिस्तान, श्रीलंका या भागातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या जगात ५८-५९. एकटेपणाचंही मोजलंय लोकांनी. २०१६ मध्ये हार्ट नावाच्या जर्नलमध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तर एकटं पडलेल्या माणसांत हृदयविकाराची शक्यता २९ टक्के जास्त आणि स्ट्रोकची ३२ टक्के जास्त.

आता कुणीतरी म्हणेल, सिस्टर, मित्रांनीच तर तंबाखूचा मावा शिकवला. खरंय की. बीपीच्या रांगेतल्या दहा बाप्यांना विचारा, पहिली पुडी कुणी दिली, दुकानदाराचं नाव कुणी घेणार नाही, मित्राचंच घेतील. पार्क चौकात रात्री उभं राहून खाल्लेलं, प्यालेलं, ते पण मैत्रीच्याच खात्यात. एक ड्रायव्हर होते आमच्याकडे येणारे, त्यांच्या ग्रुपमध्ये एकाला अटॅक आला तेव्हा सगळ्या आठ जणांनी मिळून तंबाखू सोडली, त्यातले पाच टिकले, तीन परत सुरू. त्यामुळं मित्र असले की झालं, असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणते की पोराला दहावीच्या नावाखाली दोन वर्षं मित्रांपासून तोडू नका. सकाळी क्लास, शाळा, संध्याकाळी परत क्लास, होम मैदानावर कधी गेलाच नाही, गड्ड्याच्या जत्रेला गेला तर आईबरोबर पाळण्यात बसून परत. मग तोच पोरगा पुण्याला जातो नोकरीला, हुतात्मा एक्सप्रेसनं महिन्यातून एकदा येतो, आणि आल्यावर भेटायला त्याला कुणी नसतंच.

माझी मैत्रीण तर सतराव्या वर्षी लग्न होऊन भिवंडीला गेली, लूमवर. आपल्याकडची कितीतरी तेलुगू घरं तिकडं गेली. तेव्हा फोन कुठला, दोन पत्रं आली, मग माझं ट्रेनिंग, माझं लग्न, बंद. पोरांची मैत्री निदान कट्ट्यावर टिकते हो, बायकांची मैत्री लग्नाच्या गाडीत बसली की गावाच्या वेशीवरच उतरवून ठेवतात, आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही. पिट्सबर्गच्या त्या अभ्यासात मुली असत्या तर हे दिसलं असतं का कुणास ठाऊक.

माझी रिटायरमेंट जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. ओपीडीत एक बाई समोर बसली, बारीक, चष्मा, दंड पुढं केला. मी पट्टा बांधला, मान खाली घालूनच. १७० वर १००. म्हटलं बाई, डोकं दुखतंय का, चक्कर? ती काही बोलेना. वर बघितलं तर माझ्या बोटांकडं बघत होती. म्हणाली, अजून पण सैलच बांधतीस की गं.

मला दोन सेकंद कळलंच नाही. आणि मग कळलं.

मालक वारले होते, मुलगा तिकडंच, ही भावाकडं परत आलेली. रांगेतले लोक ओरडायला लागले म्हणून तिला बाजूच्या बाकावर बसवलं, म्हटलं पाच मिनिटं गप बस, परत घेते. पाच मिनिटांनी गेले तर शेजारच्या म्हातारीला माझ्या सैल बिड्यांची गोष्ट सांगत बसलेली. परत घेतलं तरी चढलेलंच. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितलं, लोणचं बंद. ते तिला सगळ्यात जड गेलं.

आता रोज सकाळी साडेसहाला सिद्धेश्वर तलावाच्या काठानं आम्ही चालतो. दोन फेऱ्या ठरलेल्या असतात, बोलण्यात एकच होते. तिचं बीपी आता १३०-१३५ च्या आसपास असतंय, ते गोळीनं, चालण्यानं का आणखी कशानं ते मी सांगू शकत नाही, आणि ती गोळी मी बंद करू देत नाही. फक्त घरी बीपी घ्यायला बसली की तेच. पट्टा फुगतोय आणि हिचं तोंड सुरू. मी म्हणते, गप गं, आकडा चुकतोय. ती म्हणते चुकू दे, परत घे, आणि बाहेर चहा ठेवायला सांगते.