कहोकियाचे शंखमणी : दोरा कुजला, क्रम उरला

[समुद्रकिनारा, ओहोटी]

मेक्सिकोच्या आखातातला हा लायटनिंग व्हेल्क शंख. टोक वर धरलं की याचं तोंड डाव्या हाताला येतं. आपल्याकडे शंख नळी वर करून धरतात, त्यामुळे हाच आपल्या हिशेबात दक्षिणावर्ती ठरतो. पूजेच्या दुकानांत दक्षिणावर्ती म्हणून खपवलेले कित्येक शंख याच जातीचे असतात. असो.

हजारेक वर्षांपूर्वी हे शंख किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर आत, मिसिसिपीकाठच्या कहोकिया शहरात पोचत होते. आजच्या सेंट लुईससमोरचा इलिनॉयचा तीर. कोलंबसाला अजून चार शतकं अवकाश होता.

[कामाचं बाकडं, हात जवळून]

आधी शंखाची बाहेरची भिंत फोडून काढायची. मग मधला पिळाचा दांडा मोकळा होतो. दांड्याचे जाड, लांबट मणी होतात, भिंतीचे चपटे चकतीमणी. गारेच्या पात्यानं दोन्ही अंगांनी खाच पाडायची आणि मग मोडायचं. खाच उथळ राहिली तर तुकडा भलतीकडे तडकतो.

आता वेज, म्हणजे दोऱ्याचं भोक. ही टोची बर्लिंग्टन चर्टची, कठीण गारेची. काडीच्या टोकाला बांधून ती तळहातांत फिरवायची, वर पाण्याचा थेंब. अर्ध्यावर थांबायचं, मणी उलटायचा. एकाच बाजूनं आरपार नेलं तर पलीकडचा टवका उडतो. म्हणून या मण्यांचा वेज डमरूसारखा असतो, मधे निमुळता. यंत्राचा वेज नळीसारखा सरळ. भिंगाखाली सरळ वेज दिसला की शंका घ्यावी. पण डमरू दिसला एवढ्यावर मणी जुना ठरत नाही, तसा वेज आजही कोणी पाडू शकतो.

शेवटी सगळे मणी घट्ट ओवून खाचेच्या वालुकाश्मावर एकदम घासायचे. अख्खा सर एका मापाचा होतो. मणी बनवण्याची जागा कुठे होती, हे पुष्कळदा मोडून टाकलेल्या टोच्याच सांगतात.

[खोदकाम, चाळण]

मणी दिसला की करणी खाली ठेवायची. बांबूची काडी, मऊ कुंचला. पहिला मणी उचलायचा नाही. दोरा केव्हाच कुजलेला असतो. उरतो तो मण्यांचा क्रम आणि वेजांची दिशा. वेज एका रेषेत असतील तर माळ. चकत्या ओळीनं सपाट पसरल्या असतील तर बहुधा कापडावर शिवलेल्या. म्हणून आधी फोटो, मोजमाप, रेखाटन, खोली. मग एकेक तुकडा क्रमांक घालून उचलायचा.

सुट्या मातीसाठी नेहमीची सहा मिलिमीटरची चाळण कामाची नाही, बारीक मणी खाली जातात. दीड मिलिमीटरची जाळी हवी, वरून पाण्याची हलकी धार. जोराचा फवारा मारला की आम्लयुक्त मातीत भुसभुशीत झालेला मणी जाळीवरच फुटतो. वाळवायचं सावलीत, उन्हात पापुद्रे सुटतात. लिंबू, व्हिनेगर तर नाहीच. शंख चुन्याचाच, फसफसून जातो. वेजातली माती सुईनं कोरायची नाही. दोऱ्याचा तंतू राहिला असेल तर तिथेच, आणि दोऱ्यानं झिजलेली कडही तिथेच.

[संग्रहाचे कप्पे]

हा पांढरा थर बुरशीचा नाही. ओकच्या कपाटातून अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ निघते आणि शंखावर क्षार धरतात. कप्पे धातूचे हवेत, पिशव्या पॉलिथिनच्या, आणि प्रत्येक पिशवीत चिठ्ठी.

[गवताळ उंचवटा]

हा कहोकियाचा टेकाड क्रमांक ७२, माणसांनी माती रचून केलेला. पुरातत्त्वज्ञ मेल्विन फाउलर यांनी १९६७ ते १९७१ मध्ये तो खणला. एका दफनात सुमारे २०,००० शंखमणी निघाले, ससाण्याच्या आकारात अंथरलेले असावेत असं मानलं गेलं. जुने नकाशे, नोंदी आणि हाडं पुन्हा तपासून २०१६ मध्ये अभ्यासकांनी दाखवलं की या मण्यांपाशी पुरलेली मधली जोडी आधी समजत तशी दोन पुरुषांची नव्हती, स्त्री-पुरुषाची होती. सांगाड्यांचं चित्रीकरण आम्ही केलेलं नाही.

[स्पायरो, ओक्लाहोमा : जुनी छायाचित्रं]

इथला क्रेग हा दफनांचा टेकाड १९३३ मध्ये सहा जणांनी खणायला भाड्यानं घेतला आणि स्वतःला 'पोकोला मायनिंग कंपनी' म्हणवलं. बोगदे खणले, शंखमण्यांसकट माल ढकलगाड्यांनी बाहेर काढला, विकला. १९३५ मध्ये राज्यानं अशा खोदकामाला आळा घालणारा कायदा केला. १९३६ पासून शास्त्रीय उत्खनन झालं, पण उरलेल्या टेकाडाचं. विकलेले मणी कुठून कुठे गेले, सांगता येत नाही.

[एक सर, अगदी जवळून]

अशा बाजारातून फिरलेला एक सर. तीन मापांचे मणी. दोरा नायलॉनचा.